अंतर्दृष्टीचा चित्रकार : बिनोदबिहारी मुखर्जी

चित्रकला ही डोळ्यांची कला आहे असे आपण सगळे धरून चालतो. गाणाऱ्याला गळा हवा, पहिलवानाला अंग हवे, तसे चित्र काढणाऱ्याला डोळे हवेत, यात विचारायचे काय! पण आपल्याच देशात असा एक चित्रकार होऊन गेला की ज्याला जन्मापासून एका डोळ्याने दिसत नव्हते. दुसऱ्या डोळ्याने जे दिसायचे ते अगदी जवळ धरले तरच. आणि वयाच्या पन्नाशीनंतर तेवढेही दिसेनासे झाले. तरी या माणसाने सुमारे ८० फूट लांबीचे भित्तिचित्र रंगवले, नजर पूर्ण गेल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ काम केले, विद्यार्थी घडवले, पुस्तक लिहिले. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. त्यांचे नाव बिनोदबिहारी मुखर्जी.

आपल्या वस्त्यांमधून हे नाव क्वचितच ऐकू येते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे जीवन थोडक्यात मांडावे असे वाटले.

अपंग माणसाच्या कर्तृत्वाविषयी बोलताना आपल्या हातून दोन गोष्टी होतात. एक तर आपण ‘बिचारा’ म्हणून हळहळतो, नाही तर ‘चमत्कार’ म्हणून हात जोडतो. दोन्ही सोपे आहे. कारण दोन्हींत आपल्याला स्वतःला काहीच करावे लागत नाही. हळहळलो की घरी जायला मोकळे! बिनोदबाबूंचे आयुष्य मात्र नीट पाहिले तर त्यात चमत्कार कुठेच सापडत नाही. त्यात मेहनत सापडते, कामाची स्वतःची पद्धत सापडते, आणि योग्य वेळी कोणीतरी उघडलेले दार सापडते. या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत. म्हणूनच हा इतिहास वाचण्यासारखा आहे.

जन्म आणि बालपण

बिनोदबिहारींचा जन्म ७ फेब्रुवारी १९०४ रोजी कलकत्त्याजवळच्या बेहाला येथे झाला. वडिलांचे नाव बिपिनबिहारी, आईचे अपर्णादेवी. भावंडांत ते धाकटे. घर शिकलेले होते. मुखर्जी म्हणजे बंगालमधले ब्राह्मण, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. तेव्हा जातीने त्यांची वाट अडवली नव्हती, हे आधी सांगितलेले बरे. त्यांची वाट अडवली डोळ्यांनी, आणि डोळ्यांपेक्षाही ‘याला काय जमणार’ या लोकांच्या समजुतीने.

एक डोळा निकामी, दुसऱ्याची नजर फार अधू. त्यात प्रकृती नाजूक. त्यामुळे नेहमीच्या शाळेत या मुलाचे बस्तान बसले नाही. ज्या मुलाला फळा दिसत नाही, त्याला शाळा ‘ढ’ ठरवते. हा अनुभव त्या काळचा आणि फक्त बंगालचा आहे असे कोणी समजू नये. आजही किती मुलांचा चष्म्याचा नंबर वेळेवर न कळल्यामुळे अभ्यास मागे पडतो, आणि आपण त्यांनाच रागावतो!

१९१७ साली बिनोदबिहारींना शांतिनिकेतनला पाठवण्यात आले. वय होते तेरा.

दार उघडले

शांतिनिकेतन म्हणजे बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले रवींद्रनाथ टागोरांचे विद्यालय. १९०१ साली ते सुरू झाले. झाडाखाली वर्ग भरायचे, गाणे, नाटक, चित्रकला यांना इतर विषयांइतकाच मान होता. १९१९ साली तेथे ‘कलाभवन’ ही चित्रकला-शिल्पकलेची शाळा उघडली. पुढे नंदलाल बोस यांनी ती नावारूपाला आणली. विद्यार्थी त्यांना ‘मास्टरमोशाय’ म्हणत.

बिनोदबिहारी कलाभवनात जायला निघाले तेव्हा नंदलालबाबूंना प्रश्न पडला. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. इतकी अधू नजर असलेला मुलगा चित्रकार कसा होणार? उद्या याच्या पोटापाण्याचे काय? काळजीपोटी आलेला प्रश्न होता तो. आपल्या घरातही असे प्रश्न काळजीपोटीच येतात.

हा प्रश्न रवींद्रनाथांपर्यंत गेला. त्यांनी काय केले? त्यांनी डॉक्टरचा दाखला मागितला नाही. मुलगा पुढे मोठा होईल अशी भविष्यवाणीही केली नाही. त्यांनी एवढेच पाहिले की मुलाला गोडी आहे का आणि तो मन लावून, नियमित काम करतो का. असेल तर त्याला बसू द्या, पुढची चिंता आत्ता नको, ज्याची वाट त्याला शोधू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता. स्वतः बिनोदबाबूंनी ही हकिगत पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

बघा, किती साधी गोष्ट आहे! एका संस्थेच्या प्रमुखाने ‘बसू द्या’ म्हटले. त्या दोन शब्दांनी भारताला एक मोठा चित्रकार मिळाला. त्या दिवशी ‘नको’ म्हटले असते तर? तर हा मुलगा घराच्या कोपऱ्यात कुठेतरी आयुष्य काढून गेला असता, आणि आपले काय गेले हे कोणाला कळलेही नसते. न उघडलेल्या दारांचा इतिहास कोणी लिहीत नाही. तो फार मोठा असणार, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

याच दारातून १९२५ साली आणखी एक तरुण आत आला. रामकिंकर बैज त्याचे नाव. बांकुडा जिल्ह्यातल्या न्हावी समाजातल्या गरीब घरचा हा मुलगा पुढे भारतातल्या आधुनिक शिल्पकलेचा पाया घालणारा ठरला. त्याने १९३५ साली घडवलेली ‘सुजाता’ आजही शांतिनिकेतनच्या झाडांमध्ये उभी आहे. ज्या सुजातेने तथागतांना खीर दिली, तीच ही. एकाला डोळ्यांची अडचण, दुसऱ्याला जातीची नि गरिबीची. दोघेही एकाच अंगणात वाढले आणि दोघेही थोर झाले.

गुरू आणि अजिंठा

नंदलालबाबूंच्या मनात एक जागा पक्की होती, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. अजिंठा! १९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज बाई अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेत होत्या. त्या कामासाठी जे तरुण चित्रकार लेण्यांत राहिले त्यांत नंदलाल बोस होते. पुढे १९२१ साली मध्य भारतातल्या बाघ येथील बौद्ध लेण्यांतल्या चित्रांच्या नकलाही त्यांनी केल्या. चित्र हे श्रीमंताच्या दिवाणखान्यातल्या चौकटीपुरते नसते, ते सर्वांना दिसेल अशा भिंतीवरही असू शकते, हा धडा या लेण्यांतून मिळतो. शांतिनिकेतनात भिंती रंगवण्याची जी परंपरा सुरू झाली तिच्यामागे ही प्रेरणा मोठी होती.

आपल्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत चित्रांनी सजवली ती याच नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. त्या पानांमध्ये भगवान बुद्धांचेही चित्र आहे. तेव्हा ही सगळी मंडळी आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत.

अशा गुरूच्या हाताखाली बिनोदबिहारी शिकले, आणि १९२५ साली तेथेच शिकवू लागले. विद्यार्थी त्यांना ‘बिनोददा’ म्हणत. कलाभवनाच्या ग्रंथालयाचे कामही त्यांच्याकडे होते. पुस्तक डोळ्याला जवळजवळ टेकवून त्यांनी चीन, जपान, युरोप, सगळीकडच्या कलेचा अभ्यास केला. १९३६-३७ मध्ये ते जपानला गेले. तेथील शाईची आणि कुंचल्याची चित्रे त्यांनी जवळून पाहिली. कमीत कमी रेघांत जास्तीत जास्त कसे सांगावे, हा धडा त्यांनी तिकडून आणला आणि इकडच्या मातीत रुजवला.

अडचणीतून निघालेली पद्धत

आता एक मुद्दा नीट समजून घेऊ. ज्याला लांबचे दिसत नाही तो निसर्गचित्र कसे काढणार?

बिनोदबाबूंनी यावर आपली वाट काढली. १९२४ साली, वीस वर्षांचे असताना, त्यांनी शांतिनिकेतनच्या परिसराचे चित्र एका लांबच लांब कागदी गुंडाळीवर काढले. साधारण ४४ फूट लांबीची ही गुंडाळी आहे. गुंडाळीचे वैशिष्ट्य असे की ती एकदम पाहायचीच नसते. एका हाताने उलगडायची, दुसऱ्या हाताने गुंडाळायची. जेवढे समोर येईल तेवढे पाहायचे आणि पुढे सरकायचे, पायी चालत जावे तसे. झाडे येतात, उघडा माळ येतो, मध्येच एखादे माणूस येते. चीन-जपानमध्ये ही रीत जुनी आहे, आणि बंगालच्या खेड्यांतले पटचित्रकारही गुंडाळी उलगडत गाणी म्हणत कथा सांगतात. आपल्याकडच्या पिंगुळीच्या चित्रकथी लोकांची पोथी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही गंमत चटकन कळेल. तिथे गुंडाळी नसते, सुटी पाने असतात, पण एकामागून एक चित्र समोर आणत गोष्ट पुढे न्यायची, हे तत्त्व तेच.

म्हणजे काय झाले? ज्याला एका वेळी थोडेच दिसते, त्याने थोडे थोडे पाहण्याचीच कला केली. शांतिनिकेतनजवळ पावसाने झिजून गेलेली लाल मातीची घळी-घळींची जमीन आहे. तिला तिकडे ‘खोआई’ म्हणतात. आपल्या कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्याशी तिचे नाते. ती उजाड जमीन, त्यावरची ताडाची झाडे, संथाळ माणसे हे त्यांचे आवडते विषय. राजे, देव, अप्सरा यांच्यामागे ते फारसे लागले नाहीत. रोज दिसणारे, पायाखालचे, हाताशी असलेले त्यांनी काढले.

छत आणि भिंती

१९४० साली कलाभवनाच्या विद्यार्थी वसतिगृहातल्या छतावर त्यांनी चित्र काढले. मध्ये एक तळे, आणि त्याच्या चारी बाजूंनी बीरभूमचे खेडे. घरे, झाडे, गुरे, माणसे. छताला वर-खाली अशी बाजू नसते. खाटेवर पडलेला मुलगा जिकडे डोके करील तिकडून त्याला खेडे दिसते. त्या वर्षांत, १९४० ते १९४२, कलाभवनात शिकायला असलेला एक उंच तरुण पुढे जगप्रसिद्ध झाला. ते सिनेमा दिग्दर्शक सत्यजित राय. बिनोददा आपले गुरू, हे त्यांनी अखेरपर्यंत मानले.

१९४२ साली बिनोदबाबूंनी ‘चीनाभवना’त भित्तिचित्र केले. चीनाभवन ही चिनी भाषा आणि बौद्ध साहित्य यांच्या अभ्यासासाठी १९३७ साली सुरू झालेली संस्था. तान युन-शान या चिनी विद्वानाने त्यासाठी जिवाचे रान केले. त्याच इमारतीत नंदलालबाबूंनी ‘नटीर पूजा’ या रवींद्रनाथांच्या नाटकावरचे चित्र रंगवले. राजाज्ञा मोडून बुद्धपूजा करणाऱ्या आणि त्यासाठी प्राण देणाऱ्या नर्तकीची ती कथा. शिष्याने मात्र त्याच वास्तूत आश्रमातले रोजचे जीवन काढले. शिकणारी मुले, येणारे-जाणारे लोक, कामात गुंतलेली माणसे.

हिंदी भवनातली भिंत

आता बिनोदबाबूंच्या सर्वांत मोठ्या कामाकडे येऊ. शांतिनिकेतनच्या ‘हिंदी भवना’त तीन भिंतींच्या वरच्या अर्ध्या भागावर त्यांनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचे जीवन रंगवले. लांबी सुमारे ८० फूट.

वातावरण असे होते की शांतिनिकेतनात संतवाङ्मयाचा अभ्यास जोरात चालू होता. क्षितिमोहन सेन यांनी गावोगाव हिंडून कबीराची आणि इतर संतांची पदे गोळा केली होती. हजारीप्रसाद द्विवेदी हिंदी भवनात होते. त्यांचे ‘कबीर’ हे पुस्तक १९४२ सालचे. बाबासाहेबांनी आपल्या तीन गुरूंत बुद्ध आणि फुल्यांबरोबर ज्यांना मानले ते हेच कबीर, म्हणून आपल्या घरांत त्यांची वेगळी ओळख द्यायला नको.

भिंतीवर रामानुज आहेत, कबीर आहेत, सूरदास, तुलसीदास आहेत, गुरू गोविंदसिंग आहेत. पण हे संत काही ढगांत बसलेले नाहीत. उंच उंच आकृती, आणि त्यांच्याभोवती दाटीवाटीने लहानथोर माणसे. बायाबापड्या, मुले, कष्टकरी, वाटसरू. सगळे चित्र डोंगरातून निघालेल्या नदीसारखे गावा-शहरांतून वाहत जाते. कुठे एक चित्र संपले आणि दुसरे सुरू झाले हे सांगता येत नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर राजा, दासी, व्यापारी, हत्ती, झाडे जशी एकमेकांना लागून येतात आणि गोष्ट पुढे सरकत जाते, तसेच इथेही.

काळ कोणता होता ते आठवा. ऑगस्ट १९४६ मध्ये कलकत्त्यात हिंदू-मुसलमान दंगलीत हजारो माणसे मारली गेली. पुढच्या वर्षी देशाची फाळणी झाली, बंगालचे दोन तुकडे झाले. बाहेर माणूस माणसाला धर्म विचारून कापत होता, आणि त्याच महिन्यांत हा अर्धदृष्टी चित्रकार, ज्याने हिंदू-तुरकाचा भेद मोडला त्या कबीराला भिंतीवर उभे करत होता.

आणि सूरदास! परंपरेने सूरदास आंधळे मानले जातात. ज्याची स्वतःची नजर कुठल्याही दिवशी जाऊ शकते अशा माणसाने आंधळ्या कवीचे चित्र काढताना मनात काय आले असेल?

आता कामाची रीत पाहू. आपल्यापैकी ज्यांनी गवंडीकाम केले आहे त्यांना हे लगेच समजेल. हे चित्र ओल्या गिलाव्यावरचे आहे. भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. गिलावा वाळताना रंग त्यातच पक्का होतो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचा. वाळला की संपले! चुकले तर खोडायची सोय नाही, तेवढा गिलावा खरवडून पुन्हा करावा लागतो. अजिंठ्याची रीत वेगळी होती, तिथे गिलावा वाळल्यावर रंग दिलेले आहेत. ओल्या गिलाव्याच्या कामात हात फार खात्रीचा लागतो.

सहसा असे मोठे काम करताना आधी भिंतीच्या मापाचा कागदी आराखडा करतात आणि तो भिंतीवर छापून घेतात. बिनोदबाबूंनी तसा पूर्ण मापाचा आराखडा वापरला नाही. लहान रेखाटने केली, आणि सरळ भिंतीवर काम सुरू केले. इतर चित्रकार दर थोड्या वेळाने चार पावले मागे येऊन सगळी भिंत न्याहाळतात. यांनी मागे येऊन काय दिसणार? नाकासमोरचा हातभर तुकडा तेवढा दिसायचा. बाकीची ऐंशी फूट भिंत त्यांच्या डोक्यात होती. कुठे काय येणार, किती उंच येणार, कोणता रंग कुठे पुन्हा येणार, सगळा हिशेब मनात.

हे काम त्यांनी एकट्याने केले नाही, हेही सांगायला हवे. हाताखाली विद्यार्थी होते. त्यांत पुढे स्वतः मोठे चित्रकार झालेले के. जी. सुब्रमण्यन होते, राजस्थानचे देवकीनंदन शर्मा होते, लीला मनसुखानी होत्या. लीलाताईंशी बिनोदबाबूंचा विवाह १९४४ साली झाला होता. मोठे काम चार जणांच्या हातांनीच उभे राहते. डोळस माणसाचेही तसेच असते, फक्त तो ते कबूल करत नाही.

आणि अंधार झाला

यानंतरची काही वर्षे फिरतीची गेली. ते शांतिनिकेतन सोडून नेपाळला गेले. तेथे काठमांडूच्या सरकारी संग्रहालयाचे काम त्यांनी पाहिले. बौद्ध आणि हिंदू मूर्ती, चित्रे, लाकडातले कोरीवकाम यांनी भरलेला तो प्रदेश. १९४९ साली त्यांना मुलगी झाली. तिचा जन्म आपल्या मुंबईचा. ही मृणालिनी पुढे नामवंत शिल्पकार झाली. तागाच्या दोरांना गाठी मारून माणसाएवढ्या आकृती घडवणारी म्हणून जगात तिचे नाव झाले. २०१५ साली तिचे निधन झाले.

नेपाळनंतर राजस्थानातली वनस्थळी, मग मसुरी, मग पाटणा. मसुरीला नवरा-बायकोने मिळून कलाशिक्षणाचे केंद्र चालवले. पाटण्याला ते बिहार सरकारचे कला सल्लागार होते.

या सगळ्या काळात नजर कमी कमी होत चालली होती. १९५६-५७ च्या सुमारास दिल्लीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली नाही. जे थोडे दिसत होते तेही कायमचे गेले. वय बावन्न-त्रेपन्न.

चित्रकाराच्या आयुष्यात याहून मोठा घाला कोणता? भल्याभल्यांनी इथे हातपाय गाळले असते. पण बिनोदबाबूंनी पुढे जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की अंधत्व हा एक नवा अनुभव आहे, जगण्याची एक नवी अवस्था आहे. दुःख झाले नसेल असे नाही. पण जन्मभर अर्ध्या नजरेने काम करता करता एक गोष्ट त्यांना आधीच उमगली होती. चित्र डोळ्यांत नसते. डोळे माल आणून देतात, घडवणारा कारागीर आत बसलेला असतो.

अंधारातले काम

१९५८ साली ते पुन्हा शांतिनिकेतनला आले. कोणत्या कामासाठी? शिकवण्यासाठी! कलेचा इतिहास शिकवू लागले. जन्मभर पाहिलेली, वाचलेली चित्रे स्मरणात होती. त्या आठवणीवर ते विद्यार्थ्यांना चित्र समजावून सांगत. पुढे कलाभवनाच्या प्रमुखपदाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. ज्या संस्थेत ‘याला घ्यावे की नाही’ असा प्रश्न पडला होता, त्याच संस्थेचे ते प्रमुख झाले, तेही पूर्ण आंधळे असताना.

हाताचे कामही थांबले नाही. रंग दिसत नाहीत ना, मग रंगीत कागद घ्या. कोणता कागद कोणत्या रंगाचा हे जवळच्या माणसाला विचारायचे, आणि मग कात्रीने कापून, घडी घालून, चिकटवून चित्र करायचे. कापलेल्या कागदाची कड बोटाला कळते. रंगाची रेघ डोळ्यालाच दिसते, पण कागदाची कड बोटालाही ‘दिसते’. या कागदी चित्रांत बसलेल्या बायका आहेत, माणसे आहेत, प्राणी आहेत, आणि ती इतकी ठाम आहेत की करणारा आंधळा आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याबरोबर मेणाच्या छोट्या मूर्ती, शाईची रेखाटने, शिळाछापाची चित्रे अशी कामेही त्यांनी केली. कागद केवढा आहे हे हाताने मापायचे आणि रेघ ओढायची.

१९७२ साली तर त्यांनी पुन्हा भिंत हाती घेतली. कलाभवनाच्या आवारातली भिंत, भाजलेल्या मातीच्या रंगीत फरशांनी सजवायची. आकृती त्यांनी कागद कापून ठरवल्या, फरशा बसवायला विद्यार्थी आणि कारागीर. वय ६८, डोळ्यांपुढे पूर्ण अंधार, आणि काम भिंतीचे!

त्याच साली सत्यजित रायांनी मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी आपल्या या गुरूवर ‘द इनर आय’ हा सुमारे वीस मिनिटांचा माहितीपट काढला. नावाचा अर्थ अंतर्चक्षू. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी निखिल बॅनर्जींची सतार वाजते. त्यात रडारड नाही, गुरूची कीव नाही. एक म्हातारा माणूस काळा चष्मा लावून शांतपणे आपले काम करतो आहे, एवढेच दिसते. ज्यांना शक्य असेल त्यांनी मुलाबाळांसह हा माहितीपट जरूर पाहावा.

बिनोदबाबूंनी लिहिलेही. लिहिले म्हणजे तोंडाने सांगितले, दुसऱ्याने उतरवून घेतले. ‘चित्रकर’ हे त्यांचे बंगाली पुस्तक १९७९ साली आले आणि त्याला १९८० चा रवींद्र पुरस्कार मिळाला. त्याआधी १९७७ मध्ये विश्वभारतीने त्यांना ‘देशिकोत्तम’ ही सर्वोच्च पदवी दिली होती. ११ नोव्हेंबर १९८० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. २००६-०७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. २०२३ साली शांतिनिकेतन जागतिक वारसा यादीत गेले. त्या वारशात या अधू नजरेच्या माणसाचाही वाटा आहे.

आपण काय घ्यावे

आता हा इतिहास आपल्या दारात आणून पाहू.

आपल्या प्रत्येक गल्लीत एखादे तरी मूल असते, ज्याला कमी दिसते, कमी ऐकू येते, चालता येत नाही किंवा शिकायला वेळ लागतो. पाहुणे आले की त्याला आत बसवतात. लग्नात त्याला घरी ठेवून जातात. कार्यक्रमात बक्षिसे वाटताना त्याचे नाव येत नाही, कारण त्याला स्पर्धेत घेतलेलेच नसते. आईबापांना दोष द्यायचा नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला किती पुरणार? पण ज्या समाजाला शाळेच्या दाराबाहेर बसवले गेले होते, त्या समाजाला तरी दाराबाहेर बसण्याचे दुःख सांगावे लागू नये.

कायदा आज आपल्या बाजूने आहे. १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा पहिला कायदा झाला. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले. किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, सरकारी आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्थांतल्या उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आणि सरकारी नोकरीत ४ टक्के जागा त्यात आहेत. पण दाखलाच काढला नाही तर हक्क कागदावर राहतो. घराघरात जाऊन असा दाखला काढायला मदत करणे, लहान मुलांचे डोळे वेळेवर तपासून घेणे, ही कामे आपल्या तरुण मंडळींना सहज करता येण्यासारखी आहेत. त्याला वर्गणी लागत नाही, रविवारची सुट्टी लागते.

आणि कायद्याच्या आधी लागते ते रवींद्रनाथांचे ‘बसू द्या’. चित्रकलेच्या स्पर्धेत त्या मुलाला कागद द्या. गाण्यात उभे करा. अभ्यासिकेत पुढच्या बाकावर, फळ्याजवळ जागा द्या. तो मोठा चित्रकार होईल की नाही ही चिंता आत्ता नको. तेरा वर्षांचा बिनोदबिहारी शांतिनिकेतनला आला तेव्हा त्याचे पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते. त्याला बसायला जागा मिळाली, हातात कुंचला मिळाला, आणि पुढे कामाला एक भिंत मिळाली. बाकीचे त्याने केले.